होल्डरनाउ गावाची माहिती

रविवार, १२ जानेवारी २०२५
दुपारी २ वाजून २० मिनिटे
सेम्बावांग, सिंगापूर

प्रिय ताई,

आत्ता मी वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसून पाकिटावरचा तुझा पत्ता चौथ्यांदा तपासला. तुमच्याकडचा पिनकोड पाच आकडी असतो. आपल्या सहा आकड्यांची सवय असल्यामुळे एक आकडा राहून गेला की काय असं वाटत होतं. राहिलेला नाही.

मोबाईलवर तू मला ब्लॉक केलं आहेस आणि मेलचं उत्तर येत नाही, म्हणून पत्र. हे फोडायचं नसेल तर फोडू नकोस, पण परत पाठवू नकोस. इथे आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयात परत आलेली पत्रं काचेच्या पेटीत सगळ्यांना दिसतील अशी ठेवतात.

आई चौदा नोव्हेंबरला गेली आणि तुला एकवीसला सांगितलं. सात दिवस. त्या दिवशी फोनवर तू मला जे बोललीस त्यातलं काही खोटं नव्हतं. तुझी नर्सिंगची मान्यतेची परीक्षा एकवीसला होती. मामा म्हणाले, "पोरगी तिकडून निघाली तर परीक्षा बुडेल, परीक्षा बुडाली तर नोकरी जाईल, आणि एवढं करून पोचणार कधी?" सगळ्यांनी मान हलवली, मीही हलवली. आईच्या मोबाईलवरून तुला मेसेज जात राहिले तेही त्यातूनच झालं. ह्यापेक्षा जास्त मला त्यावर लिहिता येत नाही.

हे पत्र वेगळ्या कामासाठी आहे. मी आईसाठी एक वही केली होती, ती तुला माहीत नाही. तू जर्मनीला गेलीस तेव्हापासून आई मला दर रविवारी विचारायची, "ती राहते ते गाव आहे तरी कसं?" तू तिला सांगायचीस, "चांगलं आहे गं." तेवढ्यावर तिचं भागायचं नाही. मग मी होल्डरनाउ नगरपालिकेची वेबसाइट शोधली, मोबाईलवर एकेक ओळ मराठीत करून घेतली, आणि वहीत नीट उतरवली. शाळेत 'माझे गाव' लिहायचो तशी, फक्त गाव तुझं. चौतीस पानं झाली. त्यातली एकोणीस आईला वाचून दाखवली. उरलेली पंधरा कुणाला वाचून दाखवावीत ते कळत नाही म्हणून तुला थोडी थोडी पाठवतो. तू तिथेच राहतेस, तुला ह्यात नवीन काही नसणार. चुका असतील तर कळव.

आधी आईला वाचून दाखवलेल्या पानांतलं थोडं. होल्डरनाउची लोकसंख्या ६,४१२ आहे. म्हणजे आपल्या कुरुंदवाडच्या चौथाईच्या आसपास. गावाच्या मधून नाख नावाची नदी जाते. आपल्या घाटासमोर पावसाळ्यात जेवढी नदी असते तिच्या मानाने हिला ओढाच म्हणावं लागेल, पण तिच्यावर तीन पूल आहेत आणि मधला फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आहे. चर्चची घंटा दर पाव तासाला वाजते. गावाचं एक पत्रक दर गुरुवारी निघतं. त्यात कोणतं औषधाचं दुकान रात्री उघडं राहील, कोणत्या गल्लीतला कागदाचा कचरा कधी उचलतील, आणि गावात कोण ऐंशी वर्षांचं झालं, हे छापतात. आईला ते शेवटचं फार आवडलं होतं. "म्हणजे सगळ्यांचं वय गावाला माहीत?" असं म्हणून हसली होती.

नगरपालिकेच्या छतावर एक कॅमेरा आहे. दर दहा मिनिटांनी चौकाचं एक चित्र वेबसाइटवर येतं. चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून ते पुसट ठेवतात. माझी चहाची सुट्टी साडेतीनला असते, तेव्हा तुमच्याकडे सकाळचे साडेआठ. त्या वेळी लाल जॅकेटची एक बाई बेकरीकडून बसथांब्याकडे जाताना दिसते. ती तू आहेस असं मी धरून चाललो आहे. गेल्या आठवड्यात तू पाच दिवसांपैकी चार दिवस दिसलीस. मंगळवारी दिसली नाहीस. त्या दुपारी हत्यारांच्या रजिस्टरात माझ्याकडून दोन ठिकाणी खाडाखोड झाली. जहाजदुरुस्तीच्या कोठारात मी तीन वर्षं ते रजिस्टर लिहितो आहे आणि त्यात खाडाखोड नसते, हे माझं एकच नाव आहे इथे.

तुझा,
हेमचंद्र


रविवार, ९ फेब्रुवारी २०२५
सकाळी ९.४०

प्रिय ताई,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. मजकूर इथे उतरवून ठेवतो, कारण कार्ड मी प्लास्टिकमध्ये घालून पेटीत ठेवलं आहे आणि सारखं काढायचं नाही असं ठरवलं आहे.

"लोकसंख्या जुनी आहे. मधला पूल नोव्हेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद. बेकरी सोमवारी बंद असते. लाल जॅकेट माझं नाही. माझं करडं आहे. सुचित्रा."

'ताई' असं लिहिलं नाहीस ते माझ्या लक्षात आलं. ते ठीकच आहे.

चारही चुका मी वहीत लाल शाईने दुरुस्त केल्या. लाल जॅकेटचं मात्र मनाला लागलं. ऑक्टोबरपासून मी त्या बाईला बघून "आली का, जेवली का" असं मनात म्हणत होतो. आता तिला बघायचं कारण उरलं नाही, तरी परवा साडेतीनला सवयीने बघितलं. ती होती. करड्या जॅकेटची माणसं एका चित्रात सात होती. तुमच्याकडे सगळे करडंच घालतात की काय?

गेल्या रविवारी मी मरीन परेडला सुलेखाकाकूंकडे जेवायला गेलो होतो. त्या आणि चारुदत्तकाका मूळचे पुण्याचे. गणपतीत पंगतीला वाढताना ओळख झाली आणि तेव्हापासून दोन आठवड्यांतून एकदा त्या मला बोलावतात. काकू लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकलेल्या आहेत. मोबाईलने केलेल्या माझ्या भाषांतरातल्या गमती त्याच काढून टाकतात. पत्रकात 'गाव आपल्या म्हाताऱ्यांना धुणार' असं आलं होतं, ते खरं तर वृद्धांसाठी कपडे धुण्याची सोय असं होतं. आईला मी पहिलंच वाचून दाखवलं होतं आणि ती चार दिवस काळजीत होती.

तू चुका काढून कार्ड पाठवलंस की ते दाखवीन, असं मी काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं. जेवताना काकूंनी विचारलं.

"काय रे, आलं का तुझ्या ताईचं काही?"

"अजून नाही."

"येईल. न येऊन जातंय कुठे?"

काका म्हणाले, "चुका काढल्या तर समज की वाचलंय. आमच्या बँकेत वाचलेला कागद खुणा होऊन परत येतो. न वाचलेल्यावर नुसती सही असते."

त्यांची इरा पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी कळतं पण ती उत्तर इंग्रजीत देते, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून. ती म्हणाली, "दादा, जस्ट टेक्स्ट हर ला."

"तिने ब्लॉक केलंय."

"देन गेट न्यू नंबर ला. सो सिंपल."

"इरा, पोळी खा," काकू म्हणाल्या.

इराचं म्हणणं मला पटलं नाही. ज्याने दुसऱ्याच्या नंबरवरून तुला मेसेज पाठवले त्याने पुन्हा नव्या नंबरवरून पाठवू नयेत.

पान २१ वरची माहिती. तुझ्या शुश्रूषागृहात गावातले एकूण अठ्ठावन्न वृद्ध राहतात. डिसेंबरच्या पत्रकात तिथल्या नाताळाच्या कार्यक्रमाचा फोटो आला आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरी तू आहेस, अर्धा चेहरा खांबाआड. ह्या वेळी खात्री आहे, कारण फोटो काढताना मान खाली घालायची तुझी सवय जुनी आहे. तू बारीक झाली आहेस. तुझ्या पुढे चाकाच्या खुर्चीत जी म्हातारी बसली आहे तिच्या खांद्यावर तुझा हात आहे. तिचं नाव फोटोखाली दिलेलं आहे पण मी ते लिहीत नाही, तुमच्याकडे लोकांना ते चालत नाही असं काकू म्हणाल्या.

चुका कळव.

तुझा,
हेमचंद्र


रविवार, ९ मार्च २०२५
सकाळी ११.०५

प्रिय ताई,

कार्ड काल मिळालं.

"हेमू, पाच ते चौदा नोव्हेंबर आई मिरजेला दवाखान्यात होती आणि जिवंत होती. चौदानंतरचे मेसेज खोटे, हे मला कळतं. आधीचे कोणाचे? ती सांगायची आणि तू लिहायचास, की तूच? बारा तारखेचा मी कागदावर लिहून लॉकरच्या दाराला आतून लावलाय. ड्यूटीवर जाताना रोज वाचते. गावाचं नंतर बघू."

तू 'हेमू' लिहिलंस. मी ते बऱ्याच वेळा वाचलं.

उत्तर असं आहे. आई सांगायची आणि मी लिहायचो. तिला थकवा होता, मोबाईल धरवत नव्हता, म्हणून मी. बारा तारखेचा आईचाच आहे. लॉकरवरचा कागद काढायची गरज नाही.

पान २६. गावाच्या उत्तरेला टेकडीवर पाण्याची टाकी आहे, १९११ साली बांधलेली. आता तिच्यात पाणी नसतं. दर वर्षी एक दिवस ती लोकांना बघायला उघडतात. एकशे बारा पायऱ्या आहेत. वरून गाव किती मोठं दिसतं ते दिलेलं नाही.

आज एवढंच. टपाल चुकायला नको.

तुझा,
हेमचंद्र


रविवार, ३० मार्च २०२५
दुपारी ४.५०
मरीन परेड, सुलेखाकाकूंच्या घरी

प्रिय ताई,

मागच्या पत्रात दिलेली एक माहिती चुकीची आहे. पाण्याच्या टाकीची नव्हे.

आज गुढीपाडवा आहे. तुमच्याकडे पहाटे घड्याळं एक तास पुढे केली असतील. पत्रकात तशी सूचना होती. काल संध्याकाळपर्यंत तू माझ्यापेक्षा सात तास मागे होतीस, आज सहा. मी सकाळी वुडलँड्सहून गाडी पकडून इथे आलो. काकूंनी बाल्कनीत गुढी उभारली आहे. गुढीवरचा तांब्या शेजाऱ्याच्या फुलझाडावर पडायला नको म्हणून काकांनी तो तारेने तीन ठिकाणी बांधला.

जेवताना काकूंनी विचारलं, "काय झालं रे? श्रीखंड मोजून खातोयस."

मी सांगितलं. म्हणजे मेसेजचं सगळं सांगितलं. त्यांना आजपर्यंत एवढंच माहीत होतं की बहीण रागावली आहे. काका म्हणाले, "सुलेखा, सणाच्या दिवशी राहू दे आता." काकू म्हणाल्या, "सणाच्या दिवशीच होऊ दे."

मग त्या म्हणाल्या, "इरा पोटात होती, सातवा महिना. तिकडे पुण्यात माझे बाबा गेले. मला कुणी सांगितलं नाही. भाऊ रोज फोनवर म्हणायचा, बाबा झोपलेत. दोन महिने झोपलेत! इराचं बारसं झालं आणि मग सांगितलं. सगळ्यांनी माझ्या भल्यासाठी केलं, मी कुणाला दोष देत नाही. पण आज पंधरा वर्षं झाली, भाऊ फोनवर 'आई झोपलीय' म्हणाला की मी त्याला सांगते, तिला उठव. दुपारी दोन वाजता, ऐंशी वर्षांच्या बाईला उठव. ती बिचारी उठते, हॅलो म्हणते, मग मी फोन ठेवते."

इरा म्हणाली, "आई, यू नेव्हर टोल्ड मी."

मी विचारलं, "पण बारा तारखेच्या त्या वाक्याचा ताईला आधार आहे. ते काढून घेतलं तर?"

काकू म्हणाल्या, "तिने तुला विचारलं ना? ज्याला विचारावंसं वाटतं त्याला आतून कळलेलं असतं. तू हो म्हणालास म्हणून ती आता तो कागद काढणार नाही, आणि रोज बघून तिला वाटेल, खरं का. तुला शहाणपणा करायला कुणी सांगितलंय? तिने प्रश्न विचारलाय, तू उत्तर दे."

मला त्यांनी आतल्या खोलीत बसायला टेबल दिलं आहे. तिथून हे लिहितो.

आधी पहिल्या पत्रातलं. तुला उशिरा सांगायचं मामांनी ठरवलं हे खरं. मेसेजची कल्पना मामांची नाही, माझी आहे. मी सहा नोव्हेंबरला मिरजेला पोचलो. आईचा मोबाईल माझ्याकडे दिला होता आणि त्यावर तुझे अकरा मेसेज होते. मामांना मोबाईलमधलं काही कळत नाही. मीच म्हणालो, मी बघतो. तुझा फोन येऊ नये म्हणून आवाज बसलाय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, हेही मीच रचलं. ते मी इतकं नीट केलं की कुणाला शंका आली नाही. शुद्ध लिहायला मला तूच शिकवलंस, वेलांटी चुकली की हातावर पट्टी मारायचीस. आईसारखं लिहायला मला एकेक शब्द मुद्दाम चुकवावा लागला. मी तिचे जुने मेसेज समोर ठेवून ती कुठे चुकते ते बघून घेतलं होतं.

पाच ते चौदा ह्या दिवसांत तिच्या मोबाईलवरून तुला चौदा मेसेज गेले. त्यातले तीन आईचे. सहा तारखेचे दोन आणि सात तारखेचा सकाळचा एक, जो "औषद घेतल, तू जेव" असा आहे. ते तिने सांगितले आणि मी लिहिले. आठ तारखेला तिला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. त्यानंतर ती बोलली नाही. शुद्धीवर आली असेल तर मला कळलं नाही. डोळे उघडले होते एकदा, दहा तारखेला, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

बारा तारखेचा माझा आहे.

"तू तिथ आहेस ते बर आहे. हित सगळ ठिक. मागे वळून बगू नको." हे मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर बसून लिहिलं. तू विचारलं होतंस, आई, मी येऊ का. 'नको' एवढंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण ते लिहिताना मला आपोआप पुढचं सुचलं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून मी इकडे निघालो तेव्हा आईने मला तसं काही म्हटलं नव्हतं. ती घरात होती, दारापर्यंत आली नव्हती. ते वाक्य मला कुणीतरी म्हणायला हवं होतं, ते मी तुला पाठवलं. आईचं म्हणून. हे चुकलं.

आईचं खरं शेवटचं तुला सांगायला हवं. ते मेसेजमध्ये नाही, कारण मला ते पाठवण्यासारखं वाटलं नव्हतं. सात तारखेला संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून वहीतलं एकोणिसावं पान वाचून दाखवलं, बाजाराचं. शनिवारी चौकात कोण कोण काय विकतं ते सगळं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "त्या पोरीच्या गावात दळण कुठं मिळतं ते लिहिलंयस का?" मी म्हणालो, "बघतो." ती म्हणाली, "बघ. पाकिटातलं पीठ जुनं असतंय. तिला कळत नाही." मग नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी नंतर बघितलं. वेबसाइटवर गिरणी नाही. काकूंनीही शोधलं, त्यांनाही सापडली नाही. तू पीठ कुठून आणतेस?

एकवीस तारखेला तू फोनवर हसत म्हणालीस, "झाले रे पास! आता आईला दे, आवाज बसला असला तरी दे, नुसतं ऐकू दे तिला." मी वीस सेकंद काही बोललो नाही. फोनमध्ये त्या कॉलची वेळ एक मिनिट बावन्न सेकंद दाखवते. त्यातले ते वीस सेकंद तू अजून पास झालेली होतीस आणि आई अजून होती. ते मी तुला मुद्दाम दिले नव्हते, मला शब्द सापडत नव्हते.

लॉकरवरचा कागद काढायचा की नाही ते तू ठरव. ह्यानंतर तुझं कार्ड आलं नाही तरी मी समजून घेईन. समजून घेणं मला जमेल असं नाही, पण पत्र परत परत पाठवून त्रास देणार नाही. वहीची आठ पानं उरली आहेत. मागितलीस तर पाठवीन.

दोन गोष्टी हिशेबाच्या राहिल्या. सतरा नोव्हेंबरला, आई जाऊन तीन दिवस झाले होते तेव्हा, तू आईला लिहिलंस की घशाच्या चांगल्या डॉक्टरला दाखव, हेमूच्या खात्यावर पैसे टाकते. मी आईसारखं लिहिलं, नको, कशाला खर्च. तू ऐकलं नाहीस. ती असती तरी तू ऐकलं नसतंस. ते पैसे आले आणि ह्याबद्दल मी आजपर्यंत कुणालाही सांगितलं नाही, मामांनाही नाही. काकूंनाही आत्ता सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट, आईचा नंबर मी चालू ठेवला आहे. रिचार्ज केला नाही तर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. मग तुझ्या मोबाईलवर 'आई' ह्या नावापुढे एखाद्या अनोळखी माणसाचा फोटो येईल. त्यावरून मी कुणाला काही पाठवत नाही. एकवीस नोव्हेंबरनंतर एकही शब्द गेलेला नाही, हे तू तुझ्या मोबाईलवर तपासू शकतेस.

हिशेब, ३० मार्च २०२५ पर्यंत:

तुझ्याकडून आलेले, आईच्या घशाच्या डॉक्टरसाठी: ३०० युरो. माझ्या खात्यात जमा २६,४१० रुपये.
त्यातून खर्च: काही नाही.
आईच्या नंबरचा रिचार्ज, चार वेळा, प्रत्येकी १९९: ७९६ रुपये. हे मी भरले, तुझ्यातून धरलेले नाहीत.
तुला पाठवलेल्या चार पत्रांची तिकिटं: ८ डॉलर २० सेंट. हेही माझे.
तुला देणं: ३०० युरो, पूर्ण. तुझा खाते क्रमांक माझ्याकडे आहे, पण तू सांगितल्याशिवाय पाठवत नाही.

हेमू